आधी मापटं, मग रोपटं

बाळा, स्टुटगार्टच्या नव्या घराला बालकनी मिळाली आणि लगेच तू जाळी लावलेला लांबट खोका आणलास, हे ऐकून आत्याला बरं वाटलं. थोडं हसूही आलं. आता त्यात जाई, जुई, कारलं, कृष्णकमळ सगळं एकदम कोंबायला निघण्याआधी एवढं वाच.

१. खोक्यात पट्टी उभी धर आणि माती किती खोल बसेल ते मोज — २० सेंटिमीटरच्या आत भरलं तर तुझी अर्धी यादी तिथेच गळते. फुलाचा रंग नंतर ठरव. आधी मापटं, मग रोपटं.

२. एका उन्हाळ्यात जगून संपणाऱ्या वेली घे — जमिनीतल्या मुळांना थंडी वरून लागते, खोक्यातल्या मुळांना चारी बाजूंनी आणि खालूनही. जानेवारीत उथळ खोका तळापर्यंत गोठतो. वर्षानुवर्षं टिकणारं काही हवंच असेल, तर त्याला वेगळी खोल कुंडी दे.

३. क्लेमाटिसच्या पाकिटावरच्या फोटोला भुलू नकोस — तिला खोल, गार माती लागते आणि तुझा खोका दुपारी तापणार. ब्लाउरेगनचं, म्हणजे विस्टेरियाचं, तर नावच काढू नकोस — जांभळे घोस दिसतात गोड, पण खोड जाडावलं की पावसाच्या पाण्याचा पाइपसुद्धा आवळून वाकवतं.

४. भिंतीला चिकटून चढणारं रानद्राक्षही नको — वेल काढली तरी तिच्या पंजांचे ठसे भिंतीवर राहतात, आणि घर सोडताना घरमालकाशी बोलणं त्या ठशांवरूनच सुरू होतं.

५. तुझ्या खोक्यासाठी माझी पहिली पसंती काळ्या डोळ्याच्या नारिंगी थनबर्जियाला. इथे तिला ‘श्वार्त्सऑयगिगे झुझाने’ म्हणतात — मुळं आटोपशीर, उंची साधारण दीड मीटर, आणि फुलं थेट थंडी पडेपर्यंत. बी मार्चमध्ये घरात, खिडकीशी पेर.

६. दुसरा नंबर लाल फुलांच्या घेवड्याचा, म्हणजे फॉयरबोनेचा. बी रात्रभर भिजव आणि तीन सेंटिमीटर खोल टोच. खोक्यात दोनच रोपं ठेव — त्याची तहान मोठी, तिसरं रोप पहिल्या दोघांचं पाणी पितं. भुंगे येतील, त्यांना हाकलू नकोस; शेंगा त्यांच्याच कृपेने धरतात. तीस अंशांच्या पुढे उकाडा गेला की फुलं गळतात, तेव्हा माझ्या नावाने खडे फोडू नकोस.

७. त्या शेंगा नीट शिजवूनच खा, आणि पाहुण्यांच्या पोरांना कच्च्या चघळू देऊ नकोस — कच्च्या घेवड्यात विषारी द्रव्य असतं, ते उकळल्यावरच मरतं. स्वीट पी आणि मॉर्निंग ग्लोरीच्या बियाही पोरांच्या हाताबाहेर ठेव.

८. नॅस्टर्शियमला खत घालू नकोस — खाऊनपिऊन ते नुसतं पानांनी माजतं आणि फुलायचं विसरतं. पानं तिखटसर लागतात, कोशिंबिरीत घाल. स्वतःहून ते फार चढत नाही, मधूनमधून जाळीला बांधावं लागतं.

९. स्वीट पी लावलीस तर लाकडी जाळीवर दोऱ्या ओढ — तिचे तणावे नाजूक, जाड पट्टीला त्यांची मिठी पुरत नाही. आणि घेवड्याला हाताने गुंडाळायचा मोह झाला, तर वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने गुंडाळ — दुसरीकडे वळवलास तर तो सुटून येतो. स्वभावाविरुद्ध वळवली, ती वेल मिळवली नाही.

१०. कारलं, दोडका या खोक्यात नकोच — एकेका वेलीला बादलीभर माती लागते. भाजीची हौस मायाळूवर भागव. ऊन आणि ऊब मिळाली तर थोड्या मातीतही पातळभाजीपुरती पानं देईल.

११. मे महिन्याच्या मध्यापर्यंत रोपं बाहेर ठेवू नकोस — इथली जुनी माणसं ११ ते १५ मे हे थंडीचे शेवटचे दिवस मानतात, आणि १५ तारखेच्या ‘काल्टे झोफी’ला, म्हणजे ‘थंडगार झोफी’ला, वचकून असतात. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, पण हवामानाला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

१२. तुझ्या वर्गातली मैत्रीण खाली हेस्लाखला राहते, तिच्या रोपांशी तुझ्या डेगरलोखच्या रोपांची बरोबरी करू नकोस — मधे दोनेकशे मीटरचा चढ आहे. खालच्या खोलगट भागात ऊब साठते, वर वसंत उशिरा पोहोचतो. ‘त्साके’ या दातेरी रेल्वेत बसून मारीनप्लाट्झला उतरलीस की फरक अंगालाच कळतो.

१३. माती पीटविरहित घेतलीस तर रोज बोट खुपसून बघ — ती वरून ओली दिसते आणि आत कोरडी असते, किंवा उलट. ऑगस्टच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी लागेल. गणपतीला पुण्याला जाणार असशील, तर शेजारणीला किल्ली आणि चकलीचा डबा आधीच देऊन ठेव.

१४. खोका कठड्याच्या आतल्या बाजूला अडकव, आणि जाळी खोक्याबरोबरच कठड्यालाही बांध — पानांनी भरलेली जाळी वळवाच्या वाऱ्यात शीड होते. जुन्या सुती साडीच्या चिंध्या वापर, तार नको. तार खोडात रुतते. भिंतीला भोक पाडायचं तर घरमालकाला विचार, आणि रविवारी तर ड्रिलला हातच लावू नकोस.

१५. खाली ताटली ठेव, आणि गळलेली फुलं रोज वेच — खालच्या बाईच्या दाराला ‘केरवोखे’ची पाटी लटकलेली असेल, त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तिची. तुझ्या नारिंगी पाकळ्या तिच्या पायरीवर पडल्या, तर ओळख व्हायच्या आधीच भांडण होईल. भांडण झालंच, तर शेंगा घेऊन जा. शिजवलेल्या.

१६. सप्टेंबरात घेवड्याच्या चार जाड शेंगा वेलीवरच वाळू दे, बिया कागदाच्या पाकिटात भर — प्लास्टिकमध्ये दमटपणाने बुरशी धरते. पाकिटावर नाव आणि वर्ष लिही, आणि त्यातल्या दहा मला पाठव.