जुनी अवजारे मोबाइलवरून विकताना घ्यावयाची दक्षता

शेतीच्या धंद्यात जुन्या वस्तूंची विक्री ही नवी बाब नव्हे. विहिरीचे पाणी खोल गेल्यामुळे निरुपयोगी झालेला पंप, ट्रॅक्टर घेतल्यावर अडगळीत पडलेला लोखंडी नांगर, जनावरे कमी केल्यामुळे बंद असलेली कडबाकुट्टी अशा वस्तू विकून पेरणीच्या तोंडावर बियाण्याची व खताची तरतूद करण्याचा परिपाठ अनेक घरांतून आहे. पूर्वी ही विक्री आठवड्याच्या बाजारात अगर ओळखीच्या मध्यस्थामार्फत होत असे. आता वस्तूचे छायाचित्र मोबाइलवरून प्रसिद्ध केले की दूरच्या तालुक्यातील गिऱ्हाईकही घरबसल्या चौकशी करते आणि पुष्कळदा गावापेक्षा बरी किंमत येते. हा लाभ खरा आहे. परंतु या नव्या पेठेत लबाड लोकही शिरले असून, वस्तू विकावयास गेलेल्या शेतकऱ्याच्या खात्यातील पीककर्जाची रक्कमच काढून घेतली जाण्याचा धोका उत्पन्न झाला आहे. यास्तव या फसवणुकीची रीत समजून घेणे प्रत्येक विक्रेत्यास अगत्याचे आहे.

जुन्या बाजारातील शहाणपण

जनावरांच्या बाजारात बैल विकताना चार गोष्टी आपोआप घडतात. गिऱ्हाईक समोर उभे असते. ते दात पाहते, चालवून पाहते व घासाघीस करते. व्यवहारास साक्षीदार असतात. आणि रक्कम मोजून हाती आल्याशिवाय दावे सोडले जात नाही. मोबाइलवरील विक्रीत या चारही गोष्टी एकदम नाहीशा होतात. गिऱ्हाईक दिसत नाही, वस्तू पाहिली जात नाही, साक्षीदार नसतो आणि पैसे आले किंवा कसे हे केवळ एका संदेशावरून ठरविले जाते. लबाड माणूस नेमका याच उणिवेचा फायदा घेतो. म्हणून त्याला नामोहरम करण्याचा मार्गही तोच आहे: जाहिरात मोबाइलवर करावी, पण सौदा बाजाराच्याच रीतीने पुरा करावा.

पैसे येण्याची खरी रीत

यूपीआय ही मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची पद्धत २०१६ साली देशात सुरू झाली. तीत एक नियम पक्का लक्षात ठेवावा. पैसे येण्यासाठी घेणाऱ्यास पिन टाकावा लागत नाही. गिऱ्हाइकास विक्रेत्याचा मोबाइल क्रमांक अगर यूपीआय पत्ता पुरेसा असतो. पिन लागतो तो पैसे देताना, अगर खात्यातील शिल्लक पाहताना. २०२५ पासून पिनऐवजी बोटाचा ठसा अगर चेहरा दाखवून पैसे देण्याचीही सोय झाली आहे; तेव्हा ठसा अथवा चेहरा मागितला गेल्यासही तोच अर्थ घ्यावा. क्यूआर कोडचेही तसेच आहे. समोरच्याचा कोड आपल्या मोबाइलने वाचणे म्हणजे त्याला पैसे देण्याची तयारी करणे होय. पैसे घेणाऱ्याने आपला कोड दुसऱ्यास दाखवावयाचा असतो. दुसऱ्याचा वाचावयाचा नसतो.

फसवणुकीचे नेहमीचे प्रकार

१. उलट्या कोडचा प्रकार. समजा, एका शेतकऱ्याने जुन्या पाणबुडी पंपाची किंमत १८,००० रुपये ठेवली. एक गिऱ्हाईक पंप न पाहताच ती मान्य करते. आपण लष्करात असून बदलीच्या गडबडीत आहोत असे सांगून ओळखपत्राचे छायाचित्रही पाठवते. मग 'आमच्या खात्याची पद्धत अशीच आहे' असे म्हणून एक कोड पाठविला जातो. प्रथम पाच रुपये पाठवावयास लावून दहा परत केले जातात व विश्वास बसविला जातो. पुढच्या कोडवर मात्र १८,००० रुपये विक्रेत्याच्याच खात्यातून जातात. 'चूक झाली, परत करतो' असे म्हणून तोच प्रयोग पुन्हा केला जातो. ओळखपत्राचे छायाचित्र कोणाचेही चोरता येते. त्यावरून माणसाची ओळख पटत नाही.

२. पैशांच्या मागणीचा प्रकार. पूर्वी विक्रेत्याच्या मोबाइलवर पैशांची मागणी पाठवून ती 'जमा' असल्याचे भासविले जाई. हा प्रकार बोकाळल्यामुळे राष्ट्रीय देयके महामंडळाने व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्याचे निर्देश बँकांस दिले. कोडची युक्ती मात्र त्यामुळे थांबलेली नाही.

३. खोट्या जमेचा प्रकार. रक्कम जमा झाल्याचा बनावट संदेश अगर चित्र पाठवून वस्तू उचलून नेली जाते. काही वेळा '१,८०० ऐवजी चुकून १८,००० पाठविले, वरचे परत करा' अशी विनवणी केली जाते. घाबरलेला सरळमार्गी माणूस न आलेले पैसे परत करून बसतो.

४. मोबाइलचा ताबा घेण्याचा प्रकार. 'रक्कम अडकली आहे, हे अॅप घ्या' असे सांगून एखादी फाइल अगर दुसऱ्याचा पडदा पाहता येणारे अॅप घ्यावयास लावतात. त्यायोगे ओटीपी व इतर गुप्त माहिती लबाडाच्या नजरेस पडते.

५. आगाऊ खर्चाचा प्रकार. वस्तू नेण्यासाठी गाडी पाठवितो, तिचे भाडे, विमा अगर नोंदणी शुल्क आधी भरा, नंतर किमतीत मिळवून देतो, असे सांगितले जाते. विकणाऱ्याने विकण्यासाठी अनोळखी माणसास पैसे देणे ही गोष्टच बाजाराच्या रीतीविरुद्ध आहे.

लबाड गिऱ्हाईक कसे ओळखावे

खरे गिऱ्हाईक खोडी काढते. पंप किती अश्वशक्तीचा, किती टप्प्यांचा, गुंडाळी कधी बदलली, पावती आहे काय, असे ते विचारते आणि किमतीत तोडही मागते. जे गिऱ्हाईक वस्तू न पाहता पुरी किंमत कबूल करते, ते वस्तूसाठी आलेले नसून खात्यासाठी आले आहे असे समजावे. दुसरी खूण घाईची. 'आत्ताच्या आत्ता करा, फोन ठेवू नका' असा तगादा लावला जातो, कारण विक्रेत्याने मुलास अगर शेजाऱ्यास विचारले की डाव उघडा पडतो. तिसरी खूण म्हणजे प्रत्यक्ष भेटण्याची टाळाटाळ.

अशा माणसाशी वाद घालण्याचे कारण नाही. त्यास शांतपणे सांगावे, 'वस्तू येथे आहे. येऊन पाहा, चालवून पाहा, येथेच पैसे द्या आणि घेऊन जा. तुम्हांस सवड नसेल तर माणूस पाठवा.' खरे गिऱ्हाईक हे मान्य करते. लबाड एक तर रागावतो, नाहीतर फोन बंद करतो. या एका वाक्याने बहुतेक ठग आपोआप गळून पडतात.

विक्रीची सुरक्षित पद्धत

(अ) पीककर्ज व अनुदान जमा होणारे खाते मोबाइलवरील व्यवहारास जोडू नये. शक्य तर थोडकी शिल्लक असलेले वेगळे खाते त्यासाठी ठेवावे.

(आ) जाहिरातीत घराचा पुरा पत्ता, आधारपत्र अगर बँकेच्या पासबुकाचे छायाचित्र देऊ नये.

(इ) सौदा दिवसाउजेडी, चार माणसांच्या वर्दळीच्या जागी व किमान एका साक्षीदारासमक्ष करावा.

(ई) गिऱ्हाइकाने दाखविलेल्या चित्रावर अगर आलेल्या संदेशावर विसंबू नये. आपले बँकेचे अॅप आपण स्वतः उघडून अथवा बँकेत विचारून शिल्लक वाढल्याची खात्री करावी आणि मगच वस्तू उचलू द्यावी. धनादेश घेतल्यास तो वटेपर्यंत वस्तू देऊ नये.

(उ) रोख घेतल्यास नोटा उजेडात पारखून मोजाव्यात. एका व्यवहारात दोन लाख रुपये अगर त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे.

(ऊ) दोन प्रतींत पावती करावी. तीत वस्तूचे वर्णन व क्रमांक, किंमत, तारीख आणि दोघांच्या व साक्षीदाराच्या सह्या असाव्यात. हा कागद पुढे उपयोगी पडतो. गिऱ्हाइकाने चोरीचे पैसे पाठविले असल्यास तपासात विक्रेत्याच्या खात्यातील ती रक्कम गोठविली जाऊ शकते. अशा वेळी पैसे वस्तूच्या मोबदल्यात आले हे पावतीने दाखविता येते.

ट्रॅक्टर अगर मोटारसायकल विकताना केवळ पावतीने भागत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात वाहन विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे लागते. नोंदीत नाव बदलले नाही तर पुढील अपघाताची जबाबदारी जुन्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा नमुना २९ व ३० वर नुसत्या कोऱ्या सह्या देऊन मोकळे होऊ नये. नाव बदलल्याची खात्री करून घ्यावी.

फसवणूक झाल्यास

येथे वेळेस मोठे महत्त्व आहे. चोरीची रक्कम थोड्याच वेळात एका खात्यातून दुसऱ्या व तिसऱ्या खात्यात फिरविली जाते. लाजेपोटी अगर घरच्यांच्या बोलण्याच्या भीतीने एक रात्र गप्प राहिल्यास ती हाती लागणे कठीण होते. म्हणून पुढील गोष्टी विनाविलंब कराव्यात.

प्रथम १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. तेथील नोंदीवरून बँकांस सूचना जाऊन वाटेतील रक्कम रोखण्याचा प्रयत्न होतो. लगेच आपल्या बँकेस कळवून व्यवहार बंद करवावेत व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. ज्या मोबाइलचा ताबा गेला असेल त्याचे इंटरनेट बंद करून फोन दुसऱ्या यंत्रावरून करावा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर अगर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात खबर देता येते. संदेश, कोड व फोन क्रमांक पुसून न टाकता पुरावा म्हणून जपावेत.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेले तत्त्वही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिल्यामुळे झालेले नुकसान, बँकेस कळविण्यापूर्वीचे, त्यालाच सोसावे लागते. कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेवर येते. उशिराची किंमत यावरून कळून येईल.

पैसे गेले नाहीत, पण असा फोन आला, तर दूरसंचार विभागाने मार्च २०२४ मध्ये सुरू केलेल्या 'चक्षु' या सोयीवर तो क्रमांक कळवावा. त्यामुळे पुढचे कोणी वाचू शकेल.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ वाचून दाखवू नये. ग्रामसभेत अगर बचत गटाच्या बैठकीत दोन मोबाइल घेऊन एक रुपया प्रत्यक्ष पाठवून दाखवावा. देणाऱ्यास पिन लागला, घेणाऱ्यास काहीच करावे लागले नाही, ही गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यावर विसरली जात नाही. १९३० हा क्रमांक ग्रामपंचायत, सहकारी सोसायटी व दूध संकलन केंद्र येथे ठळक अक्षरांत लिहून लावावा. फसलेल्या माणसास मूर्ख ठरवू नये. तशी चेष्टा झाली की दुसरा फसलेला पुढे येत नाही, आणि गप्प राहिलेल्याचे पैसे बहुधा कायमचेच जातात.

विक्री करावी, दूरचे गिऱ्हाईकही जोडावे. मात्र दावे सोडण्यापूर्वी रक्कम पदरात घ्यावी, आणि पैसे घेण्यासाठी पिन मागणाऱ्याचा फोन तेथेच बंद करावा.