जलाशयाकाठचा मुक्काम : फिरते घर, छोटी नाव आणि गावाची जबाबदारी

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्याच्या पश्चिम सीमेवरून वर्धा नदी वाहते. नदीच्या पलीकडील तीरावर अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे तीर्थक्षेत्र आहे. तेथील यात्रेला जाणारी कुटुंबे पूर्वी बैलगाडी जुंपून निघत. शिधा, अंथरूण व भांडी गाडीत असत. पाणवठा पाहून गाडी सोडावयाची, तीन दगडांची चूल मांडावयाची आणि गाडीखाली रात्र काढावयाची, असा तो प्रवास असे. आज 'कॅराव्हॅन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या घराची मूळ कल्पना त्याहून फारशी निराळी नाही. निवारा आपल्याबरोबर न्यावा आणि पाण्याजवळ मुक्काम करावा, एवढेच तिचे सूत्र आहे. पाणवठा मात्र बदलला आहे. नदीच्या डोहाची जागा आता धरणाच्या विस्तीर्ण जलाशयाने घेतली आहे, आणि या बदलामुळेच जुन्या सवयींचा नव्याने अभ्यास करणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

हौशी प्रवासासाठी खास घडविलेले घोड्याचे फिरते घर इंग्लंडमध्ये १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने बनवून घेतले. पुढे मोटारीच्या प्रसाराबरोबर मोटारीमागे जोडावयाची चाकांवरील खोली पाश्चात्त्य देशांत सर्वत्र रूढ झाली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. कॅराव्हॅन आणि ती उभी करण्यासाठी पाणी, वीज व स्वच्छतागृह यांनी युक्त असे कॅराव्हॅन पार्क, या दोहोंचा विचार त्यात केलेला आहे. त्याच वर्षी साहसी पर्यटन धोरणही जाहीर झाले. जमीन, पाणी व हवा या तिन्ही प्रकारांतील साहसी उपक्रम चालविणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी आणि सुरक्षिततेचे नियम पाळावेत, अशी अपेक्षा त्यात आहे.

समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला. तेव्हापासून मोठ्या शहरांतील वाहने या भागात सहज येऊ शकतात. मोटारीच्या टपावर बांधलेली छोटी नाव किंवा डिकीत घडी करून ठेवलेली हवेची रबरी नाव घेऊन एखादे कुटुंब जलाशयाकाठी उतरले, तर त्यास कोठे थांबू द्यावे, कोठे थांबू देऊ नये आणि काय सांगावे, हे त्या गावच्या ग्रामपंचायतीला ठाऊक असले पाहिजे.

जलाशय म्हणजे तलाव नव्हे

आर्वी तालुक्यात धनोडी येथे वर्धा नदीवर निम्न वर्धा प्रकल्प उभा आहे. त्याच्या सांडव्यास ३१ दरवाजे आहेत. याच तालुक्यात महाकाळी येथे धाम नदीवर धाम प्रकल्प असून वर्धा शहराचा पाणीपुरवठा त्यावर अवलंबून आहे. शेजारच्या सेलू तालुक्यात बोर धरण आहे. त्यालगतचे वन १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. त्यामुळे तेथे मुक्काम अथवा नौकाविहार यांचा विचार वन विभागाच्या नियमांच्या चौकटीतच होऊ शकतो.

नैसर्गिक तलावाची पातळी सावकाश बदलते. सिंचन जलाशयाची पातळी मात्र माणसाच्या गरजेप्रमाणे व पावसाप्रमाणे सतत वरखाली होते. पावसाळ्याअखेर जलाशय भरतो आणि मे महिन्यात पाणी बरेच मागे सरकते. उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. काठाचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल, तर पाण्याची पातळी १ मीटर वाढताच ५० मीटर रुंदीची पट्टी पाण्याखाली जाते. उतार १०० मीटरला १ मीटर असेल, तर हीच पट्टी १०० मीटर होते. शाळेतील विद्यार्थ्यांना गुणोत्तर शिकविताना हे उदाहरण अवश्य द्यावे. गावच्या जमिनीवरचे ते गणित आहे.

वर्धा नदीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ही नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते. आर्वीच्या वरच्या बाजूस मोर्शीनजीक सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरण आहे. वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला आणि तेथून विसर्ग सुरू झाला, की आर्वीत आकाश निरभ्र असतानाही खालच्या जलाशयात पाण्याची आवक वाढते. 'येथे पाऊस नाही, म्हणून धोका नाही' हा समज त्यामुळे घातक ठरतो. मुक्कामाची जागा जलाशयाच्या महत्तम पूर पातळीच्या वर असावी. ही पातळी प्रकल्प कार्यालयाकडून समजून घेऊन गावाने तेथे ठळक खुणेचे दगड रोवावेत. भिंत, सांडवा व विमोचक यांच्या परिसरात आणि धरणाखालील नदीपात्रात मुक्कामास मुळीच वाव असू नये.

फिरत्या घराची जागा आणि जोडणी

या भागातील काळी जमीन कपाशीला उत्तम, पण जड चाकांना वाईट. कोरडी असताना ती दगडासारखी भासते. वळवाच्या एका सरीनंतर तिचाच चिखल होऊन चाके रुततात. तेव्हा जागा मुरमाड, किंचित उंच आणि रस्त्याला लागून असावी. गाडी समपातळीत उभी करून चाकांना दोन्ही बाजूंनी अडणे लावावीत. मोठ्या झाडाखाली, विशेषतः वाळलेल्या फांद्यांखाली, ती उभी करू नये.

मोटारीमागे जोडलेल्या घरात सामान कसे भरावे, हे बैलगाडी हाकणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलार होते, पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर जू दाबते. येथेही तोच नियम लागू पडतो. जड वस्तू तळाशी व आसाच्या जवळ ठेवाव्यात. जोडणीच्या आकड्यावर एकूण भाराच्या सुमारे ५ ते १० टक्के भार यावा. १००० किलोच्या गाडीस तो ५० ते १०० किलो होतो. त्याहून कमी असल्यास वेग वाढताच मागची गाडी नागमोडी डुलू लागते. फार जास्त झाल्यास मोटारीच्या पुढच्या चाकांवरील भार हलका होऊन तिला वळविणे व थांबविणे कठीण जाते. आकडा निसटल्यास उपयोगी पडणारी साखळी, मागील दिवे, टायरमधील हवा आणि मोटारीची ओढण्याची क्षमता ही निघण्यापूर्वी तपासावीत. चालत्या फिरत्या घरात कोणासही बसवू नये. मुक्कामी रात्री थंडी वाजते म्हणून दारे-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी पेटविणे हे प्राणाशी खेळणे होय. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो व झोपलेल्यास जाग येत नाही.

छोटी नाव : तरणे आणि कलंडणे

नाव बुडते ती वजनाने, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे. ३ मीटर लांब व १.२ मीटर रुंद अशी सपाट तळाची, चौकोनी नाव घेतली, तर तिच्या तळाचे क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर होते. ती १ सेंटिमीटर खाली गेली की ३६ लिटर, म्हणजे ३६ किलो पाणी बाजूस सारते. ७० किलोची नाव आणि प्रत्येकी ६५ किलोची चार माणसे मिळून ३३० किलो झाले, तर ती सुमारे ९ सेंटिमीटर पाण्यात बसेल. आठ माणसे बसली, तरी ती साधारण १६ सेंटिमीटरच खाली जाईल. काठ ३५ सेंटिमीटर उंच असेल तर आठ माणसांनिशीही ती तरंगताना दिसेल. फसगत होते ती येथेच. एखादा छायाचित्र काढण्यासाठी उभा राहिला, चारजण एकाच बाजूस झुकले, किंवा वाऱ्याने लाट उठली, की भाराचा मध्य एका कडेला सरकतो, काठ पाण्याखाली जातो आणि नाव काही क्षणांत कलंडते. माणसे जितकी जास्त, तितका हा सरकणारा भार मोठा. नावेवर किती माणसे बसू शकतात हे तिच्या आकारावरून न ठरविता तिच्यावर नोंदलेल्या क्षमतेवरून ठरवावे, हा या गणिताचा बोध आहे.

हे केवळ पुस्तकी गणित नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यात झुंज येथे याच वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. नागपूरजवळील वेणा जलाशयात जुलै २०१७ मध्ये नौकाविहारास गेलेल्या ८ तरुणांचा अंत झाला. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात नाव उलटून ६ जण मृत्युमुखी पडले. विदर्भातही वैशाख-ज्येष्ठात दुपारनंतर अचानक वावटळ उठते. विस्तीर्ण उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडथळा नसल्याने लाटा पाहता पाहता वाढतात. हवेची नाव हलकी असल्याने वारा तिला काठापासून दूर लोटतो आणि वल्ह्यांनी परत येणे अशक्य होते.

म्हणून काही गोष्टी अटळ मानाव्यात. नावेतील प्रत्येकाने, पोहता येत असले तरी, जीवरक्षक जाकीट आधीच अंगावर बांधलेले असावे. सकाळच्या शांत वेळी, काठाला धरून फिरावे. उभे राहू नये. नाव उलटल्यास तिला धरून राहावे, दूरचा काठ गाठण्याचा प्रयत्न करू नये. मद्यपान केलेल्यास नावेत घेऊ नये. अंधार पडण्यापूर्वी सर्व नावा काठावर ओढलेल्या असाव्यात. दुसऱ्या तलावातून आणलेली नाव पाण्यात घालण्यापूर्वी धुऊन, निथळून वाळवावी. तळाला चिकटलेल्या जलपर्णीच्या एका तुकड्यातूनही तिचा प्रसार नव्या जलाशयात होऊ शकतो.

पहिला हक्क कोणाचा

जलाशयाचे पाणी शेतीचे व पिण्याचे आहे. त्यातील मासळीवर मच्छीमारांच्या सहकारी संस्थांचे पोट चालते. काठावर गवळाऊ जनावरे पाण्यावर येतात, आणि ज्या कुटुंबांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या त्यांच्यापैकी कित्येकजण जवळच राहतात. पाहुण्याची यंत्रनाव संध्याकाळी टाकलेल्या जाळ्यावरून गेली, तर एका कुटुंबाची कमाई फाटते. फिरत्या घरातील सांडपाणी जलाशयात सोडले, तर ते कोणाच्या तरी घागरीत येते. सांडपाण्याची व शौचाची व्यवस्था पाण्यापासून दूर व झिरपणार नाही अशी केल्यावाचून कोणत्याही मुक्कामास संमती देऊ नये.

देशांतर्गत जलयान अधिनियम २०२१ मध्ये यंत्रावर चालणाऱ्या नावांची नोंदणी व तपासणी यांबरोबर विनायंत्र नावांच्या नोंदीत स्थानिक स्वराज्य संस्थांना स्थान देण्याची तरतूद आहे. तेव्हा जलसंपदा, मत्स्यव्यवसाय व पर्यटन या यंत्रणांशी विचारविनिमय करून काठावरील ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. मुक्कामाची एक निश्चित जागा, नाव उतरविण्याचा एकच घाट, येणाऱ्यांची नोंदवही, जाळ्यांचे राखीव क्षेत्र आणि विसर्गाची सूचना मिळताच मुक्कामकऱ्यांना उठविण्याची जबाबदारी असलेली व्यक्ती, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. पाण्याची नस जाणणाऱ्या स्थानिक भोई-ढिवर तरुणांना जीवरक्षक म्हणून प्रशिक्षण मिळाले, तर त्यांना रोजगार लाभेल आणि पाहुण्यास खरा वाटाड्या मिळेल. संत्र्याच्या बागेत, पाण्यापासून वर, फिरत्या घरास जागा देणाऱ्या शेतकऱ्यासही चार पैसे मिळू शकतील.

शिक्षकांनी नावेचे गणित वर्गात मांडावे आणि अधिकाऱ्यांनी पूर पातळीची खूण जमिनीवर दाखवावी. काठावर पहिला पाहुणा उतरण्यापूर्वी ही तयारी झालेली असावी, कारण अपघातानंतर लावलेला सूचना फलक बुडालेल्यास वाचता येत नाही.