पोटफुगी : थोडे शास्त्र, थोडे मन

सकाळी नीट बसलेला पोशाख संध्याकाळी पोटावर तटतटतो. आरशात पाहून आपण खट्टू होतो आणि ‘जाडी वाढली’ म्हणून रात्रीचे जेवणच टाळतो. परंतु चरबी काही तासांत वाढत नाही. हरभरा, राजमा, कांदा यांतील न पचणाऱ्या शर्करा मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात व वायू होतो. काहींना दुधातील लॅक्टोजही पचत नाही. आतडे संवेदनशील असेल तर थोडा वायूही फार जाणवतो. मनावरील ताण त्यात भर घालतो.

म्हणून वेळेवर, सावकाश चावून जेवावे. बाधणाऱ्या पदार्थांची नोंद ठेवावी. जेवणानंतर शतपावली करावी. वजन घटल्यास वा शौचातून रक्त गेल्यास डॉक्टरांना त्वरित दाखवावे. एरवी सैल कपडे घालून खुशाल वर्गात यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.