भिंत हरवते कशी?

प्रश्न : हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये नदीच्या उतारांवरची गावं तटबंदी घालून राखली होती आणि त्यांतल्या काही तटबंद्या आता सापडतही नाहीत, असं वाचनात आलं. एवढी मोठी भिंत हरवते कशी? आपल्या भागात असं काही होतं का?
— एक वाचक, वसमत

उत्तर : ती भिंत मातीची होती, म्हणून हरवली. इंग्लंडवर हल्ले करणारे डेन लोक समुद्रातून नावा थेट नद्यांत घालत. त्यांना अडवायला राजा आल्फ्रेडने नवव्या शतकाच्या अखेरीस तटबंद गावांची साखळीच उभी केली. खंदक खणायचा, निघालेल्या मातीचा आत बांध घालायचा, वर लाकडी कठडा. पहाऱ्याचा हिशेब चोख होता : साधारण 5 मीटर तटाला 4 माणसं. थेम्सच्या उतारावरच्या वॉलिंगफर्डसाठी 2400 माणसं धरली होती, म्हणजे तट 3 किलोमीटरचा. तिथला बांध आजही दिसतो! लंडनसमोरच्या साउथवर्कला 1800 माणसं लावली होती, पण तिथे शहर वाढत गेलं आणि तट गडप झाला.

मराठवाड्यातल्या माणसाला याचं नवल वाटू नये. आपल्या गावोगावच्या गढ्या पाहा. वाडा ओस पडला की पांढरी माती गाड्या भरभरून जाते. मृगाआधी माळवदावर ती पसरायचं काम घरोघर असे. गढी अशी गावाच्या डोक्यावर जाऊन बसते.

खंदक मात्र कुणी उचलून नेत नाही. तो बुजतो : तळाशी गाळ, त्यावर ढासळलेली माती, वर राख, खापरं, हाडं. पायाचा खड्डा खोदताना त्याच्या कडेला वाटीच्या आकाराचा असा काळपट, भुसभुशीत पट्टा दिसला, तर काम घटकाभर थांबवून त्याचा फोटो घ्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. हे मी मनापासून सांगतो. जेसीबीपुढे असा पुरावा तासाभरात जातो.

आता उताराचं. आपल्याकडे गोदावरीत समुद्रातून कुणी चढून येत नव्हतं. इथे गाठ पावसाळ्याशी होती. उन्हाळ्यात जिथून बैलगाडी जाई, तिथेच श्रावणात लष्कर अडकून पडे. 10 ऑगस्ट 1763 रोजी राक्षसभुवनला हेच घडलं. निजामअली नदीपार झाला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे राहिला. मधे भरलेली गोदावरी. माधवराव आणि राघोबादादांनी त्याला गाठलं, तो मारला गेला आणि निजामाला पलीकडून काही करता आलं नाही. जायकवाडी धरणानंतर नदीचं वागणंच बदललं, त्यामुळे उताराची ही किंमत आज आपल्या ध्यानात येत नाही.

तुम्हाला जवळचं ठिकाण म्हणजे नांदेडचा नंदगिरी किल्ला. तीन बाजूंनी गोदावरीचं पात्र, म्हणजे नदीच त्याचा खंदक. उत्तरेकडून तेलंगणात उतरणाऱ्याला नदी इथे आडवी येते. 1708 मध्ये भाऊ कामबक्षावर चालून निघालेल्या मुघल बादशहा बहादूरशहाची छावणी नांदेडलाच पडली होती. गुरू गोविंदसिंगही त्याच सुमारास तिथे आले. किल्ल्याचे बुरूज आणि तटाचे तुकडे उरले आहेत, आत बाग आणि पाणीपुरवठ्याची यंत्रणा आली आहे. जाल तेव्हा पाणी उतरलेलं असताना नदीच्या अंगाने पाहा. शहराच्या बाजूने पाहून ही जागा का निवडली ते कळत नाही.