भाडे सेतूचे, रस्ता गव्हाण फाट्याचा

उरणहून मुंबईस जाण्याचा कोणता मार्ग उत्तम, हे हल्ली जो तो सांगू लागला आहे, आणि ज्याने पहाटेच्या ओहोटीत मोऱ्याचा धक्का कधी पाहिला नाही तोही त्यात मागे नाही; म्हणून ज्या प्रसंगाचा संताप अद्याप माझ्या मनातून गेलेला नाही तो, आणि त्यातून जे कळले ते, लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

माझ्या थोरल्या भगिनीस परळच्या एका रुग्णालयात सकाळी साडेआठास हजर व्हावयाचे होते. दिवस वद्य प्रतिपदेचा. ‘लाँचने का गेला नाहीत?’ असे ज्यांनी मला मागाहून ऐकविले त्यांनी आधी पंचांग उघडावे. तिथीच्या अंकास तिनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची वेळ ढोबळ मानाने निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या माणसास सांगावा लागत नाही. पौर्णिमेच्या आगेमागे भरती दुपारच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी नेमकी सकाळी सहाच्या आसपास, आणि ती उधाणाची असल्यामुळे गाळाने भरलेल्या मोरा बंदरात पाणी इतके उतरते की लाँच धक्क्यास लागेल याची शाश्वती उरत नाही. रेल्वेचाही विचार मी केला होता. १२ जानेवारी २०२४ रोजी उरण स्थानकापर्यंत गाडी आली, तालुक्याची जुनी आस पुरी झाली, यात संशय नाही. परंतु मुंबईस जाणाऱ्यास नेरूळ किंवा बेलापूर येथे उतरून, जिने चढून, हार्बरच्या गर्दीत शिरावे लागते, आणि ते ताईच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. तेव्हा मोटार ठरविली. तीही अटल सेतूनेच जाण्याच्या स्पष्ट बोलीवर, टोलचे २५० रुपये भाड्यात धरून.

चिर्ल्यापासून शिवडीपर्यंत सेतूची लांबी २१.८ किलोमीटर, आणि शिवडीस उतरले की परळ अगदी जवळ. एवढ्या भरवशावर आम्ही निश्चिंत बसलो होतो. जासई गेली, सेतूकडे वळणारी वाट आली आणि मागे पडली. मला वाटले, उलव्याच्या बाजूनेही वर चढता येते, मोटारवाला तिकडून चढणार असेल. तीही वाट मागे पडली. मी विचारले, तेव्हा त्या गृहस्थाने आरशात न पाहताच सांगितले, “काका, सेतूवर अपघात झालाय. इकडूनच लवकर पोचू.” पुढे गव्हाण फाट्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागलेली होती, आणि त्या रांगेत आमची मोटार उभी असता त्याने गाण्याचा आवाज वाढविला, ताईने पाणी मागितले तेही त्याला ऐकू गेले नाही. तरीही मी त्याचे बोलणे खरे मानून चाललो होतो. वाशीच्या खाडीपुलावरील नाका आला आणि तेथे एक पैसाही न भरता त्याने मोटार पुढे काढली, त्या क्षणी सारा व्यवहार माझ्या ध्यानी आला: मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे, तेव्हा सेतू टाळला की भाड्यात धरलेले २५० रुपये सबंधच्या सबंध त्याच्या खिशात राहतात. त्याच सकाळी आमचे एक शेजारी सेतूवरून विनाअडथळा शिवडीस उतरले होते, हे संध्याकाळी कळले.

परळला पोहोचलो तो ताईचे नाव पुकारून झाले होते. दुपारपर्यंत तिला बाकावर ताटकळत बसावे लागले. आणि दारात उतरताना त्या इसमाने पूर्ण भाड्याचा तगादा लावला. आजारी माणूस हाताशी धरून उभे असताना कोण हुज्जत घालील? नेमके हेच त्याला ठाऊक होते.

म्हणून सांगतो. मोटार ठरविताना ‘टोलसह’ ही बोली कधीही मान्य करू नये. टोल वेगळा ठेवावा, आणि फास्टॅगमधून पैसे गेल्याचा संदेश मोटारवाल्याच्या मोबाइलवर येतो तो डोळ्यांनी पाहूनच द्यावा. त्याच दिवशी परतावयाचे असल्यास जाण्यायेण्याचा एकत्रित टोल ३७५ रुपये आहे, ५०० नव्हे. तोही आधी बोलून घ्यावा. सेतूवर दुचाकी व रिक्षा यांना मज्जाव आहे, हे तरुणांनी विसरू नये. ज्याचे पाय धड आहेत त्याने ट्रेलरांच्या रस्त्यापेक्षा रेल्वे पत्करावी, मात्र रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक आहे काय याची चौकशी करूनच निघावे. लाँच मला आजही सर्वांत प्रिय आहे. अष्टमीच्या सुमारास, जेव्हा समुद्राला भांग असतो, तेव्हा पाणी फार उतरत नाही आणि भाऊच्या धक्क्यावरून डॉकयार्ड रोड स्थानक पायी गाठता येते. मात्र पौर्णिमा-अमावास्येस सकाळ-संध्याकाळच्या फेरीवर विसंबू नये, आणि पावसाळ्यात बावटा लागला की वाद न घालता माघारी वळावे. कागदपत्रे, पाणी, सुटे पैसे जवळ असावेत, वेळेआधी निघावे, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे.

त्या दिवशी परतीचा प्रवास आम्ही लाँचने केला. भरतीचे पाणी अजून पुरते उतरले नव्हते, खलाशांनी ताईला हात देऊन बसविले आणि उतरविले. मोटारवाल्याकडे माझे २५० रुपये अद्याप येणे आहेत. रक्कम मोठी नाही, पण मी मागणी सोडलेली नाही, आणि उरणात जो कोणी मला मोटारीबद्दल विचारतो त्याला त्याचे नाव आधी सांगतो.