पावसाळ्यात कोंबड्यांची पिसे स्वच्छ कशी राखावीत?

अतिथंड प्रदेशांत कोंबड्यांच्या दाट पिसांना चिकटलेली ओली विष्ठा गोठते. रत्नागिरीजवळील मिरजोळे येथे बर्फ पडत नाही. परंतु या भागात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात, पडतो. त्यामुळे ओलीचे संकट येथेही मोठेच आहे.

पिसांच्या थरात अडकलेली कोरडी हवा पक्ष्याची ऊब राखते. पिसे भिजली किंवा विष्ठेने माखली म्हणजे पक्षी गारठतो. उलट्या पिसांच्या कोंबडीस हा त्रास लवकर होतो; कारण तिची पिसे अंगाशी घट्ट मिटत नाहीत. शिवाय ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू एकदोन दिवसांतच रोग जडविण्याजोगे होतात व पिले दगावतात.

यास्तव खुराड्यात भाताच्या तुसाची चार ते सहा इंच जाड गादी पसरून ती वरचेवर खालीवर करावी. मूठभर तूस दाबून पाहावे. मूठ उघडताच ते विखुरले तर गादी ठीक समजावी. गोळा तसाच राहिल्यास ओला भाग काढून कोरडे तूस घालावे. पाण्याचे भांडे कोंबडीच्या पाठीइतके उंच ठेवावे, म्हणजे पाणी कमी सांडते. पावसाच्या बाजूस झाप लावावेत. मात्र वरून वारा खेळता ठेवावा, अन्यथा अमोनिया वायू साचून पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात.

माखलेली पिसे तेवढीच कोमट पाण्याने धुऊन पूर्ण सुकवावीत. ओला पक्षी रात्री कोंडू नये. आडोशास खोक्यात कोरडी माती व राख ठेवावी. तीत लोळून कोंबड्या उवा झाडतात.

तुसाचा साठा मृगापूर्वीच कोरड्या जागी करून ठेवावा. एकदा ते भिजले म्हणजे सुकविण्यास पुरेसे ऊन मिळत नाही.