कर्मणी प्रयोग आणि इंग्रजीतील 'पॅसिव्ह व्हॉइस'

वरच्या इयत्तांना इंग्रजी व्याकरण शिकविताना 'अ‍ॅक्टिव्ह' म्हणजे कर्तरी आणि 'पॅसिव्ह' म्हणजे कर्मणी असे सांगण्याची वहिवाट आहे. एवढ्यावरच पाठ थांबविल्यास विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो. त्याचे कारण शिक्षकबंधुभगिनींनी ध्यानी घ्यावे.

मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापदाच्या मेळावरून. 'मुलाने आंबा खाल्ला', 'मुलाने भाकरी खाल्ली' या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. म्हणून हा कर्मणी प्रयोग होय. परंतु इंग्रजीत पहिले वाक्य 'द बॉय एट द मँगो' असे होते, आणि ते अ‍ॅक्टिव्ह आहे. 'ने' दिसताच 'बाय' लिहिणारा विद्यार्थी येथेच फसतो. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथातील प्रयोगविचार या दृष्टीने अवश्य वाचावा.

पॅसिव्हची लक्षणे फळ्यावर लिहावीत ती अशी:

१. कर्म उद्देश्याच्या जागी येते.
२. 'टु बी'चे काळानुरूप रूप व त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप येते.
३. कर्ता 'बाय'नंतर येतो, किंवा गाळला जातो.

उदाहरणार्थ, 'द मँगो वॉज ईटन बाय द बॉय'. याच्याशी जुळणारे मराठी वाक्य 'मुलाकडून आंबा खाल्ला गेला' हे होय. यास नवीन कर्मणी म्हणतात. 'मुलगा झोपला' यात कर्मच नाही. म्हणून त्याचे पॅसिव्ह होत नाही.

तिसऱ्या लक्षणाचे महत्त्व परीक्षेपुरते नाही. मनोर हे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील गाव. अशा मुलुखात 'द लँड विल बी अक्वायर्ड', म्हणजे 'जमीन संपादित केली जाईल', असे वाक्य एखाद्या सूचनेत आले, तर ते केवळ व्याकरणाचे उदाहरण राहत नाही. त्यात जमीन आहे, क्रिया आहे. कर्ता मात्र नाही. तेथे 'बाय हूम?', म्हणजे 'कोणाकडून?', असा प्रश्न विचारावयास विद्यार्थी शिकला, तर घरच्या वडीलधाऱ्यांना तो कागद समजावून देऊ शकेल.

सराव: पुढीलपैकी कोणत्या वाक्याचे इंग्रजी पॅसिव्ह होईल व त्यात कर्ता कोठे गेला, हे मुलांकडून काढून घ्यावे. (अ) शेतकऱ्याने रोपे लावली. (आ) रोपे लावली गेली. (इ) मुलगी नदीवर गेली.

उत्तर 'आ' हे आहे. 'अ' कर्मणी असूनही इंग्रजीत अ‍ॅक्टिव्हच राहते, हे मुलांच्या तोंडून वदवून घ्यावे.